अपशकुनाच्या इंग्रजी शब्दांचा माग कसा काढावा

दहाबारा वर्षांपूर्वी एका कथेचा अनुवाद करताना ‘ऑमिनस सायलेन्स’पाशी मी अडले. ‘अपशकुनी शांतता’ असं लिहून पुढे गेले. मुद्रितं परत आली, तेव्हा त्या ओळीशेजारी समासात शिसपेन्सिलीने लिहिलेलं होतं : “शांतता अपशकुनी नसते. टिटवी असते.”

आमच्या मुद्रितशोधक काकांचं अक्षर. मला आधी राग आला, मग हसू आलं. काका बरोबर होते. मराठीत अपशकुन कुणीतरी करावा लागतो. मांजर आडवं जातं, टिटवी ओरडते, कुणीतरी शिंकतं. मग इंग्रजीत नुसती शांतता ‘ऑमिनस’ कशी होते? हे शोधायला म्हणून त्या रात्री कोश उघडला आणि पुढे त्याचा नादच लागला. इंग्रजी शब्दाचा इतिहास घरबसल्या कसा काढायचा, हे मी या शकुन-अपशकुनाच्या शब्दांवरच शिकले. शिकायला याहून चांगलं रान नाही. यातल्या बहुतेक शब्दांच्या मुळाशी भीती सापडतच नाही. सापडतं ते कुणाचं तरी काम : पाहणं, ताणणं, सांगणं, मुक्कामाची सोय करणं.

आधी वही, मग कोश

कोश उघडण्याआधी शब्द आज कसा वापरला जातो ते टिपून घ्या. पाचसहा खरी वाक्यं पुरतात, वर्तमानपत्रातली, कथांमधली. शब्दाच्या शेजारी कोण बसतं ते पाहा. ‘ऑमिनस’शेजारी ढग, आवाज, शांतता. ‘ऑस्पिशस’ (शुभ) शेजारी प्रसंग, सुरुवात, दिवस. ‘हार्बिंजर’ (चाहूल देणारा) मात्र वसंताचाही असतो आणि विनाशाचाही. प्रत्येक शब्दापुढे शुभ, अशुभ किंवा दोन्ही अशी खूण करून ठेवा. ही खूण पुढे कामाला येते, कारण शब्दाच्या पोटात सगळ्यात आधी बदलते ती हीच बाजू.

घर कुठलं ते ओळखा

इंग्रजीतला शब्द साधारणपणे दोनपैकी एका घरातून आलेला असतो. एक जुनं जर्मॅनिक घर, म्हणजे इंग्रजांचं माहेरच. दुसरं लॅटिनचं, थेट किंवा फ्रेंच-इटालियनमार्गे. ‘बोड’ (चाहूल देणं), ‘फोरबोडिंग’ (अनिष्टाची धास्ती), ‘डूम’ (सर्वनाश), ‘विअर्ड’ (विचित्र) हे माहेरचे. आखूड, ठसठशीत. ‘ओमेन’ (शकुन), ‘ऑस्पिशस’, ‘ऑगर’ (शकुन सांगणारा), ‘पोर्टेंट’ (दुश्चिन्ह), ‘प्रिमोनिशन’ (पूर्वसूचना), ‘सिनिस्टर’ (अभद्र) हे लॅटिनचे. ‘डिझास्टर’ आणि ‘इन्फ्लुएन्झा’ इटलीतले.

लॅटिनची ही गर्दी बरीचशी सोळाव्या शतकातली. युरोपातल्या पंडितांनी तेव्हा रोमन ग्रंथ नव्याने वाचायला घेतले होते. ग्रीक लेखक प्लूटार्कने लिहिलेल्या ग्रीक-रोमन थोरांच्या चरित्रांचा थॉमस नॉर्थने केलेला इंग्रजी अनुवाद १५७९ साली निघाला, आणि शेक्सपिअरने आपल्या रोमन नाटकांचा माल तिथूनच उचलला. रोमन इतिहासात पानोपानी शकुन. लढाई शकुन पाहून, निवडणूक शकुन पाहून. ते इंग्रजीत सांगायचं तर रोमन शब्दही सोबत घ्यावे लागले.

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? ‘अरिष्ट’, ‘अशुभ’, ‘दुश्चिन्ह’ पोथीतून आले आणि ‘मनात पाल चुकचुकली’ हे घरात जन्मलं. कोशात शब्दाच्या व्युत्पत्तीशी भाषेचं नाव दिलेलं असतं, ते आधी वाचा. ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी फुकट आहे, सुरुवातीला पुरते. पुढे मोठा ऑक्सफर्ड कोश लागतो. त्याचा पहिला भाग १८८४ साली आणि शेवटचा १९२८ साली निघाला. तो आज वर्गणी भरून ऑनलाइन पाहता येतो, काही ग्रंथालयांतून वाचकांना मोफतही मिळतो. लॅटिन शब्दासाठी लुईस आणि शॉर्ट यांचा १८७९ चा कोश जालावर खुला आहे.

शब्द सोडवा

आता शब्दाच्या गाठी सोडवायच्या. ‘ऑस्पिशस’ घेऊ. मागे जाता जाता लॅटिनमधला ‘ऑस्पेक्स’ हा शब्द लागतो. त्याचे दोन तुकडे : ‘अविस’ म्हणजे पक्षी आणि ‘स्पेक’ म्हणजे पाहणं. ऑस्पेक्स म्हणजे पक्षी पाहणारा. बस, एवढंच. त्यात शुभ नाही, अशुभ नाही.

इथे मराठी वाचकाने जरा थांबावं. संस्कृतात ‘शकुन’ या शब्दाचा अर्थच मुळी पक्षी. आधी पाखरू, मग पाखरावरून कळणारं भाकीत. ग्रीकमध्ये ‘ओइओनोस’ म्हणजे मोठा शिकारी पक्षी, आणि शकुनही. तीन भाषा, तिन्हीकडे माणूस मान वर करून आभाळाकडे पाहत उभा. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो असं म्हणणारी माझी आजी रोममध्ये जन्मली असती तर तिला बऱ्यापैकी पगार मिळाला असता, कारण तिथे हे सरकारी काम होतं. पक्ष्यांवरून देवांची संमती सांगणाऱ्या पुरोहितांना ‘ऑगर’ म्हणत. त्यांचं मंडळ होतं. इ. स. पू. ३०० मध्ये कायदा करून त्यांची संख्या नऊ केली गेली. सिसेरो हा एवढा मोठा वकील आणि वक्ता, तोही या मंडळाचा सभासद होता.

नवा अधिकारी किंवा नवी जागा ऑगरकडून संमत करून घेणं म्हणजे ‘इनॉगरेट’. फीत कापून होणाऱ्या प्रत्येक ‘इनॉगरेशन’च्या पोटात तो पक्षी बघणारा बसलेला आहे. निमंत्रणपत्रिकेवर ‘अंडर द ऑस्पिसेस ऑफ’ छापतात, तिथेही तोच. पक्षी पाहण्याचा हक्क ज्याचा, त्याच्या छत्राखाली कार्य.

मोहिमेवर असताना आभाळातले पक्षी हवे तेव्हा यायचे नाहीत, म्हणून सैन्याबरोबर पिंजऱ्यात कोंबड्या न्यायचे. दाणे टाकायचे. कोंबड्या अधाशासारख्या तुटून पडल्या आणि चोचीतून दाणे जमिनीवर सांडले तर उत्तम शकुन. इ. स. पू. २४९ मध्ये सिसिलीतल्या ड्रेपानाजवळ आरमारी लढाईच्या तोंडावर कोंबड्यांनी दाण्याला तोंड लावलं नाही. सेनापती पब्लिअस क्लॉडिअस वैतागला. “खात नाहीत? मग पिऊ देत,” म्हणून त्याने त्या समुद्रात फेकल्या, अशी कथा रोमन लोक सांगत. लढाईत रोमची ९३ जहाजं शत्रूच्या, म्हणजे कार्थेजच्या, हाती लागली. शकुनावर विश्वास बसावा म्हणून ही गोष्ट मी सांगत नाहीये. सांगायचं ते हे की ‘ऑस्पिशस’ हा शब्द अशा दाण्यांच्या, पिसांच्या, जहाजांच्या जगातून आलाय. गुळगुळीत तो नंतर झाला.

सगळेच शब्द असे सुटत नाहीत. ‘ओमेन’ सुटत नाही. त्याचं जुनं रूप ‘ओस्मेन’ असल्याचं वॅरो हा रोमन पंडित सांगतो, पण त्यामागचं मूळ आजवर ठरलेलं नाही. अशा वेळी तुकडे सोडून वापराकडे वळा. रोमन लोक ‘ओमेन’ विशेषकरून कानावर अवचित पडलेल्या शब्दाला म्हणत. रोमन सेनापती क्रॅसस पूर्वेकडच्या पार्थियन साम्राज्यावर स्वारीला निघाला तेव्हाची सिसेरोने दिलेली गोष्ट आहे. ब्रुंडिसियम बंदरावर एक फेरीवाला कॉनस गावची अंजिरं विकत “कॉनेआस!” असं ओरडत होता. ते ऐकायला “कावे ने एआस” सारखं वाटतं, म्हणजे “जाऊ नकोस, सांभाळ.” क्रॅसस गेला, आणि इ. स. पू. ५३ मध्ये कार्हीच्या लढाईत हरून मारला गेला.

ही कल्पना आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. घरातून निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो, म्हणून वेडंवाकडं बोलायचं नाही. ‘शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली.’ नाऱ्या जे करतो तेच मूळ लॅटिनमधलं ‘ओमेन’.

तारीख आणि जुनं वाक्य

ऑक्सफर्ड कोशात प्रत्येक अर्थाखाली तारीखवार जुनी वाक्यं असतात. पहिली तारीख म्हणजे शब्दाचा जन्मदिवस नव्हे. तो लेखी सापडलेला सगळ्यात जुना पुरावा. बोलण्यात शब्द त्याआधीही असू शकतो. तारखेपेक्षा वाक्य महत्त्वाचं, ते सावकाश वाचा.

‘डिस्मल’चं उदाहरण घेते. आज याचा अर्थ उदास, रडवेला, टाकाऊ. हवा डिस्मल, निकाल डिस्मल. जुनी वाक्यं पाहिली तर हे आधी विशेषण नव्हतंच. लॅटिन ‘डिएस माली’, वाईट दिवस, यावरून जुन्या फ्रेंचमार्गे आलेलं ते नाम होतं. मध्ययुगीन पंचांगांत दर महिन्याचे दोन, वर्षाचे चोवीस दिवस अशुभ म्हणून नोंदलेले असत, त्यांना ‘इजिप्तचे दिवस’ही म्हणत. त्या सगळ्यांचं मिळून नाव ‘डिस्मल’. इंग्रज कवी चॉसरने १३७० च्या सुमारास लिहिलेल्या एका काव्यात ‘इन द डिस्मल’ असा नामासारखाच वापर आहे, आणि लगेच पुढे बायबलमधल्या, इजिप्तवर आलेल्या दहा संकटांचा उल्लेख. फ्रेंचमध्ये दहाला ‘दिस’ म्हणत, तेव्हा ‘दिस माल’ म्हणजे दहा दुःखं, असा धागा त्याने जोडलेला दिसतो. अर्थ माहीत असलेल्या थोर कवीलाही शब्द चुकीच्या ठिकाणी सोडवायचा मोह होतो, हे लक्षात असू द्या.

पुढे लोक ‘डिस्मल डेज’ म्हणू लागले. म्हणजे ‘वाईट-दिवस दिवस’. आपल्या पावरोटीसारखं. पाव म्हणजे पोर्तुगीजांची रोटीच, तिला आपण पुन्हा रोटी जोडली. ‘डेज’ पुढे आल्यावर ‘डिस्मल’ विशेषण वाटू लागला, आणि दिवस सुटून गेल्यावर उदासपणा तेवढा उरला.

‘डिझास्टर’मध्ये असंच आभाळ गळून पडलंय. इटालियन ‘आस्त्रो’ म्हणजे तारा, त्याच्याआधी ‘दिस’ लागला की वाईट तारा. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये एडमंड म्हणतो की आपल्या डिझास्टरांचा दोष आपण सूर्य, चंद्र, ताऱ्यांवर ढकलतो. मूळ अर्थ माहीत असेल तर त्या वाक्याला वेगळीच धार येते. ‘इन्फ्लुएन्झा’ हा ताऱ्यांचा ‘प्रभाव’. १७४३ साली इटलीतून साथ पसरली आणि तिच्याबरोबर शब्दही इंग्रजीत शिरला. आता ‘फ्लू’ म्हणताना कुणाला तारे दिसतात?

अर्थाने कूस कुठे बदलली

पहिल्या पायरीवर केलेली शुभ-अशुभाची खूण आता काढा. ती जुन्या अर्थाशी ताडून पाहा.

‘सिनिस्टर’ म्हणजे लॅटिनमध्ये नुसता डावा. वॅरोच्या वर्णनानुसार रोमन शकुनपाहक दक्षिणेकडे तोंड करी, त्यामुळे त्याची डावी बाजू पूर्वेला, म्हणजे शुभ. ग्रीक मात्र उत्तरेकडे तोंड करत, त्यांची डावी बाजू मावळतीला, म्हणजे अशुभ. रोमन साहित्यावर ग्रीकांची छाप पडली आणि डाव्याचं नशीब फिरलं. आपल्याकडे तोंड पूर्वेला, म्हणून उजवी बाजू ती दक्षिण. ‘दक्षिण’ या शब्दाचा मूळ अर्थ उजवा असाच आहे, आणि लॅटिनमधला उजवा, ‘डेक्स्टर’, हा त्याचा सख्खा भाऊ. कोण कुठे तोंड करून उभा होता यावर शब्दाची कुंडली ठरली.

‘हार्बिंजर’ तर शकुनाचा माणूसच नव्हे. राजा किंवा सैन्य मुक्कामाला यायच्या आधी पुढे जाऊन घरं धरून ठेवणारा हा कारभारी. ‘हार्बर’ याच कुळातला. हा गावात दिसला की मागून राजा येणार हे नक्की, त्यावरून पुढची चाहूल असा अर्थ आला. मधला ‘न’ नंतर घुसला, तसाच तो ‘मेसेंजर’ आणि ‘पॅसेंजर’मध्येही घुसलाय.

‘पोर्टेंट’ म्हणजे पुढे ताणून धरलेलं. त्याच्या विशेषणाला, ‘पोर्टेंटस’ला, आज फुगीर आणि आव आणणारा असाही अर्थ आहे. भविष्य सांगणाऱ्यांचा सूर लोकांना कसा वाटत असेल याचा हा पुरावाच म्हणायचा. ‘मॉन्स्टर’ हा ‘मोनेरे’, म्हणजे इशारा देणं, यावरून. विचित्र वासरू जन्मलं की तो देवांचा इशारा. ‘मॉनिटर’ आणि ‘प्रिमोनिशन’ याच घरातले. दवाखान्यात टूंटूं करणारा मॉनिटर आणि राक्षस हे चुलतभाऊ आहेत, हे मला फार आवडतं.

आणि ‘अबॉमिनेबल’. हा ‘अब’ आणि ‘ओमेन’ मिळून झालेला. वाईट ओमेन कानी पडलं की ते दूर लोटायचं, तसं दूर लोटावं असं ते. इडापिडा टळो, म्हणतो ना. पण मध्ययुगात पंडितांना वाटलं, हे ‘अब होमिने’, माणसापासून दूर, अमानुष. म्हणून त्यांनी स्पेलिंगात ‘बी’नंतर ‘एच’ खुपसला. शेक्सपिअरने ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’मध्ये हा ‘एच’ उच्चारलाच पाहिजे म्हणून हट्ट धरणारा होलोफर्नीस नावाचा मास्तर रंगवलाय. ‘एच’ पुढे गळून गेला. अर्थावरची त्याची छाया मात्र राहिली, ‘अबॉमिनेबल’मध्ये आजही अमानुषपणाची किळस आहे.

संस्कृतशी नातं लावताना

मराठी माणूस इथे हमखास घसरतो. मीही घसरले आहे. ‘ओमेन’ दिसला की ‘ओम्’ आठवतो, आणि दोन्हींचा काही संबंध नाही. आवाज जुळला म्हणजे नातं जुळलं असं नाही. खरं नातं ध्वनींच्या ठरावीक बदलांतून दिसतं, आणि तोच बदल दुसऱ्या जोड्यांतही दिसावा लागतो.

‘बोड’ घ्या. जुन्या इंग्रजीत ‘बोडियन’ म्हणजे जाहीर करणं, दूताने येऊन सांगणं. बायबलमधली शुभवार्ता सांगायलाही हेच क्रियापद. वाईट वास त्याला नव्हता. आता संस्कृत ‘ध’च्या जागी इंग्रजीत ‘ड’ येतो, हे ‘विधवा’ आणि ‘विडो’ या जोडीत दिसतं. तोच नियम लावला की ‘बोड’चा भाऊ सापडतो : बुध्, बोध, बुद्ध. पण नियमाने इंग्रजी ‘ब’ला संस्कृतात ‘भ’ हवा, जसा ‘ब्रदर’ला ‘भ्रातृ’. मग ‘भोध’ का नाही? कारण एकाच धातूत ‘भ’, ‘ध’ यांसारखे दोन महाप्राण लागोपाठ आले की संस्कृत पहिल्याचा प्राण काढून घेते. असा अडथळा येऊन तो नियमानेच सुटला की नातं पक्कं समजावं.

आणखी काही जोड्या अशाच कोशात पडताळून पाहा. ‘मोनेरे’ आणि मन्, मन. ‘विअर्ड’ आणि वृत्, वर्तन, वर्तुळ. ‘विअर्ड’चं जुनं रूप ‘वूर्ड’, म्हणजे नियती, जे फिरून वाट्याला येतं ते. ‘मॅकबेथ’मधल्या ‘विअर्ड सिस्टर्स’ विचित्र बायका नव्हेत, नियतीच्या बायका. विचित्र हा अर्थ एकोणिसाव्या शतकातला. आणि ‘ऑस्पेक्स’च्या दोन्ही तुकड्यांना संस्कृतात भाऊ आहेत : वैदिक ‘वि’ म्हणजे पक्षी, आणि ‘पश्’, ‘स्पश्’ म्हणजे पाहणं. ‘स्पष्ट’ म्हणजे दिसलेलं, ते यातलंच. संस्कृत बाजू तपासायला मोनिअर विल्यम्सचा कोश, मराठीला मोल्सवर्थचा. दोन्ही जालावर फुकट आहेत.

नातं नसतानाही एकसारखी कल्पना भेटते, ती वेगळ्या पानावर लिहा. ग्रीक ‘कोमेतेस’ म्हणजे लांब केसांचा, त्यावरून ‘कॉमेट’. १०६६ साली दिसलेला हॅलेचा धूमकेतू फ्रान्समधल्या बायूच्या मध्ययुगीन पडद्यावर भरतकामात आहे, खाली माणसं बोटं दाखवत आहेत आणि वर अक्षरं, ‘हे ताऱ्याकडे आश्चर्याने पाहत आहेत.’ ग्रीकाला त्या ताऱ्याचे मोकळे केस दिसले. आपल्याकडे त्याचं नाव शेंडेनक्षत्र. आम्हाला शेंडी दिसली.

मराठीत परत येताना

एवढं झाल्यावर अनुवादाची वही उघडा, आणि कोशातला पहिला अर्थ चिकटवण्याआधी शब्दाचं काम काय ते पाहा. ‘हार्बिंजर’ पुढे येऊन वर्दी देतो, म्हणून कधी ‘चाहूल’, कधी ‘नांदी’. ‘इट डझन्ट बोड वेल’ला ‘लक्षण काही ठीक दिसत नाही’. ‘फोरबोडिंग’ आतून येतं, म्हणून धास्ती, हुरहुर, काळजात चर्र होणं. ‘पोर्टेंट’ला संस्कृतात नेमका शब्द होता, ‘उत्पात’. तो मराठीत आल्यावर पोरांच्या दांडगाईलाही वापरतात, तेव्हा आता तो चालायचा नाही. ‘डिस्मल’ला अवसेची कळा चालते, वाक्य पेललं तर.

आणि ‘ऑमिनस सायलेन्स’. ती ओळ मी शेवटी अशी केली : ‘घरात पाऊल टाकलं. कुणी बोलत नव्हतं. तिच्या मनात पाल चुकचुकली.’ काकांनी ती बरोबरची खूण करून परत पाठवली. खाली बारीक अक्षरात एक शंका होती : “मूळ कथा नॉर्वेतली. तिथे पाली असतात का?”